कोंबड्यांचा कौल: रोमन सेनापती लढाईआधी शकुन कसा घेत

रोमन कॉन्सलला, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एकाला, लढाई जुंपायची असो की नागरिकांची सभा भरवायची असो, आधी देवांचा राजा ज्युपिटर याची परवानगी काढावी लागे. शहरात त्यासाठी आकाश पाहत, वीज कुठे चमकली आणि पक्षी कुठून उडाले ते बघत. छावणीत मात्र हे काम पिंजऱ्यातल्या कोंबड्यांवर सोपवलेलं असे. रानातला गिधाड किंवा गरुड सेनापतीच्या सोयीने येत नाही, कोंबडी मात्र हाताशी असते आणि सैन्याबरोबर नेता येते. तुम्हीच कॉन्सल आहात असं धरून पुढची कृती वाचा. नाटक बसवणारे, वर्गात रोम शिकवणारे आणि ऐतिहासिक कथा लिहिणारे यांना ती जशीच्या तशी वापरता येईल.

आधी प्रश्न नीट ठरवा

कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, तेव्हा प्रश्न हो किंवा नाही असं उत्तर देता येईल असाच असतो आणि कुठल्या बाजूची पाकळी गळून पडली यावर उत्तर ठरतं. रोमन कोंबड्यांचा शकुन त्याच जातीचा. ‘मी जिंकेन का?’ हा प्रश्न इथे चालत नाही. ‘आज ही लढाई मी सुरू करू का?’ हा चालतो. कोंबड्या भविष्य सांगत नाहीत, त्या परवानगी देतात किंवा नाकारतात आणि तीही त्या एका दिवसापुरती. उद्या पुन्हा विचारावं लागतं. नकार मिळाला तर बेत कायमचा बुडाला असं होत नाही, फक्त आजचा दिवस गेला. एवढं डोक्यात पक्कं असलं की पुढचे नियम विचित्र वाटत नाहीत. खोट्या अहवालाचं पाप कोणाला लागतं, हा सगळ्यांत चमत्कारिक नियमसुद्धा मग कळतो.

माणसं कोण कोण

शकुन विचारण्याचा हक्क फक्त अधिकार चालवणाऱ्याला असतो, म्हणजे कॉन्सल, त्याच्या खालोखालचा प्रीटर आणि संकटकाळी नेमलेला डिक्टेटर यांना. कोंबड्यांचा रखवालदार तो पुल्लारिउस. त्यांना पाळणं, उपाशी ठेवणं, पिंजरा आणून उघडणं, खाद्य टाकणं आणि काय झालं ते सांगणं ही त्याची कामं. तिसरे ऑगुर, म्हणजे शकुनशास्त्राचे जाणकार. हे पुजाऱ्यांचं मंडळ होतं. इ.स.पू. ३०० च्या ओगुल्नियन कायद्याने त्यात सामान्य वर्गातली माणसं आली आणि संख्या ९ झाली, पुढे डिक्टेटर सुल्लाने ती १५ केली. ऑगुर स्वतः शकुन घेत नाही. घेतलेला शकुन नियमात बसतो की नाही हे तो सांगतो, आणि नंतर दोष सापडला तर तोही तोच दाखवतो. नाटकवाले इथे हमखास चुकतात: लांब झगा घातलेल्या पुजाऱ्याच्या हाती कोंबड्या देऊन मोकळे होतात.

पुल्लारिउस हुद्द्याने खालचा माणूस. पण अहवाल त्याच्याच तोंडून येतो, म्हणून सेनापतीने याच माणसाची निवड पारखून करावी.

सामान

पिंजरा हलवता येईल असा, वर मुठी असलेला आणि दार चटकन उघडणारा हवा. पक्षी तरुण घ्या. रोमन लोक ज्यांना ‘पुल्ली’ म्हणत ती कोंबडीची वाढती पिलं. आपल्याकडच्या तलंगा त्या वयाला जवळच्या. खुडूक बसलेली कोंबडी कधीही घेऊ नका, ती खाण्यासाठी जागेवरून उठतच नाही. पिसं झडत असलेलीही नको, तिची भूक मंदावलेली असते.

खाद्य म्हणजे पुल्स, रोमन लोकांची जुनी रोजची लापशी. ती ‘फार’ या धान्याची करत आणि ‘फार’ म्हणजे आपला खपली गहू, साताऱ्या-सांगलीकडे अजून पिकतो तो. पिंजऱ्यापुढे या लापशीचा गोळा टाकायचा. पुल्सच का, याचं कारण रोमन कोशकार फेस्टुसने रोखठोक दिलं आहे: खाताना तिचा काही ना काही अंश खाली पडतोच, आणि शकुनाला तेच हवं असतं. नुसता दाणा टाकला तर कोंबडी तो टिपून गिळते, खाली काही पडत नाही. सगळी मेख या लापशीत आहे.

करून पाहायचं असेल तर धाकटं प्रमाण काटो या रोमन लेखकाच्या गव्हाच्या लापशीचं घ्या: अर्धा रोमन पौंड, म्हणजे साधारण १६४ ग्रॅम गहू. तो उखळात घालून धुवा, साल काढा, पुन्हा धुवा आणि स्वच्छ पाण्यात शिजवा. काटो शेवटी दूध घालून ती दाट करायला सांगतो. ते माणसांच्या जेवणासाठी. कोंबड्यांसाठी दूध वगळा आणि पाणी आटेपर्यंत शिजवा. पातळ राहिली तर चोचीतून ओघळते, तुकडा पडत नाही. चिकट झाली तर चोचीला डकते आणि पक्षी मान झटकत मागे सरतो, जो शकुनात चांगला दिसत नाही. गार होऊ द्या, लिंबाएवढे गोळे करा आणि एक गोळा बोटांनी दाबून बघा. कडा भुरभुर सुटल्या पाहिजेत. चार-पाच तलंगांना दोन गोळे पुरतात. जास्त टाकले तर पहिल्याच घासात हावरटपणा संपतो.

आसनाकडेही लक्ष द्या. कॉन्सल ज्यावर बसतो ते एकाच लाकडाचं, अखंड हवं. सांधे असलेली खुर्ची कुरकुरते, आणि आवाज झाला की शकुन बाद.

वेळ आणि शांतता

मध्यरात्र उलटल्यावर कॉन्सल न बोलता अंथरुणातून उठतो आणि ठरलेल्या जागी बसतो. छावणीत ही जागा सेनापतीच्या मुक्कामाशेजारी राखून ठेवलेली असते.

‘शांतता’ या शब्दाचा इथला अर्थ कडक आहे. वक्ता आणि राजकारणी सिसेरो स्वतः ऑगुर होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे शकुनातली शांतता म्हणजे ज्यात कुठलाही दोष नाही अशी स्थिती. उंदराची किंवा चिचुंद्रीची चीं ऐकू आली तरी कौल मोडतो. रोमन लेखक प्लिनी तसं नोंदवतो. अशाच एका चीत्कारामुळे फाबियस माक्सिमसला डिक्टेटरपद आणि गाउस फ्लामिनियसला घोडदळाच्या सरदाराचं पद सोडावं लागलं, अशी नोंद वालेरियस माक्सिमस या रोमन लेखकाने केली आहे. म्हणून तंबूत धान्याची पोती ठेवू नयेत. हे वाक्य कुठल्या रोमन ग्रंथात नाही, पण छावणीत राहिलेल्या कोणालाही ते पटेल.

वेळेचा एक पेच मात्र खरा आहे. शकुन अंधारात घ्यायचा आणि कोंबडी अंधारात खात नाही. तिला रात्री नीट दिसत नाही, पिंजऱ्यातून बाहेर यायलाही ती कचरते. याउलट पहाटे ती सगळ्यांत भुकेली असते, कारण संध्याकाळी गळ्याखालच्या पिशवीत साठवलेलं अन्न रात्रभरात पचलेलं असतं. म्हणजे सोयीची वेळ एकच: उजाडायला लागलं आहे पण सूर्य वर आला नाही, ती. घाई करून रात्रीच पिंजरा उघडणाऱ्या सेनापतीला नकारच मिळणार. पुढच्या एका प्रसिद्ध प्रकरणात नेमकं असंच झालं असावं, असं मला वाटतं.

प्रत्यक्ष कृती

संवाद ठरलेला असतो. सिसेरोने इ.स.पू. ४४ मध्ये शकुनांवर लिहिताना तो नमुन्यादाखल दिला आहे. त्याचं मराठी रूप असं:

कॉन्सल: क्विन्टस फाबियस, शकुनात तू माझ्यासोबत असावंस अशी माझी इच्छा आहे.
सहायक: ऐकलं.
कॉन्सल: शांतता आहे असं दिसलं की सांग.
सहायक: शांतता आहे असं दिसतं.
कॉन्सल: खातील तेव्हा सांग.
सहायक: खात आहेत.

सिसेरोच्या मते पूर्वी या जागी जाणकार माणूस बसवत. त्याच्या काळापर्यंत कोणालाही बसवू लागले होते, आणि तो वर किंवा आजूबाजूला न बघताच ‘शांतता आहे’ म्हणून मोकळा होई. नाटकात हा क्षण दाखवायचा तर सहायकाने खरोखर एकदाही मान वर करू नये. प्रेक्षक हसतील, आणि सिसेरोलाही तेच हवं होतं.

‘खातील तेव्हा सांग’ या शब्दांच्या वेळी पुल्लारिउस पिंजऱ्याचं दार उघडतो आणि लापशीचा गोळा टाकतो. पिंजरा हलवू नये. इ.स.पू. १३३ मध्ये टिबेरियस ग्राक्खस या लोकनेत्याच्या शेवटच्या सकाळी रखवालदाराने पिंजरा हलवून कोंबड्यांना बाहेर काढायचा प्रयत्न केला, तेव्हा एकच बाहेर आली. तिनेही अन्नाला तोंड लावलं नाही. डावा पंख उचलला, पाय ताणला आणि परत आत गेली. ग्राक्खस तरीही सभेला गेला आणि त्याच दिवशी मारला गेला. ही हकिगत चरित्रकार प्लुटार्कने दिली आहे. पंख उचलून पाय ताणणं हे कोंबडी पाळणाऱ्याला रोज दिसतं, आळोखेपिळोखे देण्याची तिची तऱ्हाच ती. पण शकुनाच्या मंडपात प्रत्येक हालचालीला अर्थ चिकटतो.

निकाल कसा वाचायचा

सर्वोत्तम: कोंबड्या धावत बाहेर येतात, आधाशासारख्या तुटून पडतात आणि चोचीतून तुकडे जमिनीवर पडतात. याला ट्रिपुडियम सोलिस्टिमम म्हणतात. तुकडा जमिनीला लागला पाहिजे, नुसतं खाणं हा त्याच्या खालचा दर्जा.

वाईट: खात नाहीत, बाहेर यायला वेळ लावतात, किंवा भलत्या वेळी पक्षी ओरडतो. रोमन इतिहासकार लिव्हीने आपिउस क्लाउडिउसच्या तोंडी घातलेल्या भाषणात हीच तीन लक्षणं येतात. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण त्याच पाळून पूर्वजांनी हे राज्य मोठं केलं, असं तो वर सुनावतो.

भयंकर: पिंजऱ्यातून पळून जातात. इ.स.पू. १३७ मध्ये कॉन्सल होस्टिलियस मान्सिनस स्पेनला निघताना लाव्हिनियमला यज्ञ करणार होता. पिंजरा उघडताच कोंबड्या जवळच्या रानात पळाल्या आणि कितीही शोधून सापडल्या नाहीत. तो पुढे गेलाच, आणि नुमान्शियात त्याला शत्रूपुढे शरणागतीचा तह करावा लागला. यातून घ्यायचा धडा व्यवहारी आहे: पिंजरा मोकळ्या मैदानात उघडा, झाडीच्या कडेला नको.

नकार आला तर

दिवस सोडा आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा विचारा. यात लाज नाही. इ.स.पू. २१६ मध्ये कान्नेच्या लढाईआधी कॉन्सल पाउलसच्या कोंबड्यांनी संमती दिली नाही. त्याचा सहकारी वार्रो फौज घेऊन छावणीबाहेर पडला होता, तो हे ऐकून नाइलाजाने परतला आणि रोमच्या शत्रूचा, कार्थेजचा, सेनापती हानिबल याच्या सापळ्यातून त्या दिवशी वाचला. इ.स.पू. २०९ मध्ये फाबियस माक्सिमस टारेन्टमहून निघणार होता, त्याला एकदा नव्हे, दोनदा नकार आला. तो थांबला. मेटापोन्टमजवळ हानिबल टपून बसला होता. या दोन्ही गोष्टी लिव्हीने सांगितल्या आहेत, आणि नकार मिळाल्यावर थांबण्याने सेनापतीचं काय साधतं हे त्यातून दिसतं: टेहळणी करायला एक दिवस मिळतो.

फ्लामिनियसला हे पटत नव्हतं. इ.स.पू. २१७ मध्ये त्राझिमेनो सरोवरापाशी पुल्लारिउस म्हणाला, लढाई पुढे ढकला. यावर त्याने विचारलं, पुन्हा खाल्लं नाही तर? उत्तर आलं, पुन्हा थांबायचं. फ्लामिनियसचा टोमणा असा होता: छानच शकुन, कोंबड्यांना भूक असेल तर कामं करायची आणि पोट भरलेलं असेल तर काहीच करायचं नाही! त्याचा तर्क बिनतोड होता. पण त्याने निशाणं उपटायला सांगितली आणि हानिबलच्या सापळ्यात १५,००० माणसं गमावून स्वतःही मेला.

सगळ्यांत गाजलेला नकार

इ.स.पू. २४९, रोम आणि कार्थेज यांच्यातलं पहिलं प्युनिक युद्ध. कॉन्सल पुब्लियस क्लाउडिउस पुल्खर सिसिलीत लिलिबाएमहून मध्यरात्रीच्या सुमारास आरमार घेऊन ड्रेपानाच्या बंदरावर, आजच्या त्रापानीवर, अचानक हल्ला करायला निघाला. कोंबड्या खाईनात. ‘खात नाहीत तर पिऊ देत,’ असं म्हणून त्याने त्या समुद्रात बुडवल्या. पुढे आरमाराचा धुव्वा उडाला: ९३ जहाजं शत्रूच्या हाती लागली, कॉन्सलसोबत जेमतेम ३० निसटली. खटल्यात त्याला १,२०,००० आसचा (आस हे रोमन नाणं) दंड झाला. तो मेल्यावर त्याची बहीण क्लाउडिया गर्दीत अडकली आणि भाऊ पुन्हा जिवंत होऊन आणखी एक आरमार बुडवो म्हणजे रोमची गर्दी कमी होईल, असं बोलून बसली. इ.स.पू. २४६ मध्ये तिलाही २५,००० आसचा दंड भरावा लागला.

आता हे बघा: या लढाईचं सगळ्यांत बारकाईचं वर्णन ग्रीक इतिहासकार पोलिबियसचं, आणि त्यात कोंबड्यांचं नावही नाही. त्याच्या मते कारण साधं होतं. पुढची जहाजं बंदराच्या तोंडात शिरली होती, कार्थेजचा सेनापती आधरबाल दुसऱ्या बाजूने बाहेर निसटला, आणि क्लाउडिउसने माघारीचा हुकूम दिल्यावर आत गेलेली आणि येणारी जहाजं एकमेकांवर आदळून वल्ही मोडली. मग किनाऱ्याशी चेपलेल्या आरमाराला वळायला जागा उरली नाही. कोंबड्या खात नव्हत्या हेही समजण्यासारखं आहे. रात्रीची वेळ, हलतं जहाज, पिंजऱ्यात कोंडलेले पक्षी. जागा बदलली की कोंबडी कधी कधी दिवसभर दाण्याला शिवत नाही, हे कुक्कुटपालन करणारा कोणीही सांगेल. म्हणून आरमाराबरोबर शकुन घ्यायचा तर बंदर सोडायच्या आधी, जमिनीवर आणि उजेडात.

होकार मिळवायच्या युक्त्या

सिसेरोचा मूळ आक्षेपच हा होता: पक्षी कोंडून ठेवायचा, उपाशी मारायचा, मग लापशीवर धावला की त्याला देवाचा शकुन म्हणायचं? ऑगुरांच्या जुन्या निर्णयानुसार कुठल्याही पक्ष्याच्या तोंडून तुकडा पडला तरी ट्रिपुडियम होत असे. मोकळा पक्षी स्वतःहून खाईल तर त्यात काही अर्थ असेल, हे जबरदस्तीचं खाणं कसलं, असं त्याने विचारलं. उपवासाची वेळ आणि लापशीचा भुसभुशीतपणा पुल्लारिउसच्या हातात असल्यामुळे होकार बहुतेक वेळा ठरवून मिळे. नकार आलाच, तर तो पुष्कळदा निष्काळजीपणाचा परिणाम असे.

तरीही नकार आला आणि पुल्लारिउसने होकार सांगितला तर? हे घडलं आहे. इ.स.पू. २९३, आक्विलोनिया, समोर साम्नाइट, रोमचे इटलीतलेच शत्रू. कॉन्सल पापिरियस कुर्सोर रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी न बोलता उठला आणि पुल्लारिउसला शकुनासाठी पाठवलं. सैन्य लढायला उतावीळ होतं, तो उतावीळपणा पुल्लारिउसलाही लागला. कोंबड्यांनी काहीच खाल्लं नव्हतं (तिसरा प्रहर म्हणजे गडद अंधार!), तरी त्याने उत्तम ट्रिपुडियम झाल्याचं कळवलं. कॉन्सलने लढाईची निशाणी फडकवली. तेवढ्यात पुल्लारिउसांमध्येच वाद जुंपला. काही घोडेस्वारांनी तो ऐकला आणि कॉन्सलच्या पुतण्याच्या, स्पुरियस पापिरियसच्या कानावर घातला. पुतण्याने खात्री करून काकांना सांगितलं.

पापिरियसने दिलेलं उत्तर हा कायद्याचा नमुना आहे. त्याचा आशय असा: मला जो शकुन कळवला गेला तोच माझा शकुन, आणि तो उत्तम आहे. खोटं सांगितलं असेल तर त्याचं पाप सांगणाऱ्याच्या माथी. मग त्याने पुल्लारिउसांना रांगेत अगदी पुढे उभं केलं. लढाईची आरोळी उठण्याआधीच कुठूनसा आलेला भाला त्या पुल्लारिउसला लागला आणि तो पडला. कॉन्सल ओरडला की देव लढाईत उतरले आहेत, अपराध्याला शिक्षा मिळाली. त्याच क्षणी एक कावळा काव काव करत गेला. साम्नाइटांचा पाडाव झाला. भाला कोणाच्या बाजूने आला हे लिव्ही सांगत नाही.

एवढा धीर नसेल तर दुसरी वाट आहे: अपशकुन दिसूच द्यायचा नाही. मार्सेलस हा सेनापती बंद मेण्यातून प्रवास करे, म्हणजे वाटेतला कुठलाही अशुभ पक्षी नजरेस पडायचा प्रश्नच नको.

दोष नंतर सापडला तर

तोही मोजला जातो, आणि उशीर झाला म्हणून माफ होत नाही. इ.स.पू. १६३ चा कॉन्सल टिबेरियस सेम्प्रोनियस ग्राक्खस (वरच्या ग्राक्खसचा बाप) निवडणूक चालवताना शकुन घेऊन तंबूत बसला. मध्येच सेनेटसाठी शहराची पवित्र हद्द ओलांडून गेला आणि परत येताना पुन्हा शकुन घ्यायला विसरला. हे त्याला बऱ्याच काळाने, प्रांतात असताना आठवलं आणि त्याने ऑगुरांना पत्र लिहिलं. त्या निवडणुकीत निवडून आलेल्या दोघा कॉन्सलांनी, स्किपियो नासिका आणि मार्सियस फिगुलस यांनी, आपापल्या मोहिमांवरून परत येऊन राजीनामे दिले. इ.स.पू. ४३ च्या एप्रिलमध्ये गॉलच्या सुभेदाराची महत्त्वाची पत्रं सेनेटपुढे यायची होती, तेव्हा पुल्लारिउसांनी शहर प्रीटर कोर्नुटसला आठवण करून दिली की सकाळचा शकुन नीट घेतला गेला नव्हता. ऑगुर मंडळाने दुजोरा दिला आणि कामकाज एक दिवस पुढे गेलं. या मंडळात सिसेरोही होता. कोंबड्यांची टर उडवणारा ग्रंथ लिहून त्याला वर्षच उलटत होतं.

ही पद्धत रणांगणावरून कशी गेली

अविश्वासाने नाही, कायद्याच्या एका फटीतून गेली. शकुनाचा हक्क चालू वर्षाच्या अधिकाऱ्याला. प्रजासत्ताकाच्या शेवटच्या शतकात लढाया मात्र मुदत संपलेले अधिकारी, म्हणजे प्रोकॉन्सल आणि प्रोप्रीटर, लढत होते. त्यांना शकुनाचा अधिकारच नाही, म्हणून ते नदी ओलांडतानाही शकुन घेत नाहीत आणि कोंबड्याही नाचवत नाहीत, अशी सिसेरोची तक्रार आहे. शहरातल्या कामकाजात त्या टिकल्या. इ.स. ७९ मध्ये वारलेल्या प्लिनीने लिहिलं आहे की याच कोंबड्या आमच्या अधिकाऱ्यांना रोज हाकतात, त्यांना घराबाहेर पडू देतात किंवा देत नाहीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या मार्कस पोम्पेयस आस्पेर या सेन्चुरियनच्या, म्हणजे तुकडीनायकाच्या, स्मारकशिळेवर लष्करी निशाणांसोबत कोंबड्यांचा पिंजरा कोरलेला आहे, आणि लेखात आटिमेटस या त्याच्या मुक्त केलेल्या गुलामाचा व्यवसाय पुल्लारिउस असा दिला आहे.